वजनाची औषधं ऑनलाइन देणाऱ्या सेवांची तुलना: तक्ता करायच्या आधी

सिनॉप्सिससाठी विषय शोधताना सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हा विषय येतो, आणि विषय चांगला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये एली लिली कंपनीचं मौंजारो, म्हणजे टिर्झेपाटाइड, भारतात आलं. त्याच वर्षी जूनमध्ये नोवो नॉर्डिस्कचं वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइड, आलं. दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं. मोबाईलवर डॉक्टर, मोबाईलवर चिठ्ठी आणि औषध घरपोच, असा मार्गही आता आहे. मग प्रश्न सुचतो: यातली कोणती सेवा चांगली?

इथे बहुतेक जण लगेच एक्सेल उघडतात. डावीकडे सेवांची नावं, वर किंमत, डिलिव्हरी, रेटिंग असे रकाने. दोन दिवसांत तक्ता तयार होतो आणि गाइड पहिलाच प्रश्न विचारतात, "चांगली म्हणजे काय?" तिथे आपण अडकतो. या लेखात तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू. उदाहरणासाठी पेण आणि रोहा ही रायगडमधली दोन तालुक्याची गावं घेतली आहेत. ती का, ते पुढे येईलच. आणि हा लेख संशोधनाच्या पद्धतीबद्दल आहे. स्वतः औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा, इथे नको.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुकानाची तुलना ते किती पटकन माल देतं यावरून होते. पण चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची सेवा तपासायची असेल, तर ती कोणाला नाही म्हणते हे आधी बघावं लागतं. बाकीचे रकाने त्यानंतर.

‘सेवा’ म्हणजे नेमकी कोणती?

तुलना करायची तर वस्तू एकाच जातीच्या हव्यात. ऑनलाइन सेवा म्हणून आपण ज्यांची यादी करतो त्या चार वेगवेगळ्या जातीच्या असतात.

पहिली, डॉक्टरची भेट घडवून देणारी. प्रॅक्टोची ओळख मुख्यतः अशी. दुसरी, औषधविक्री हा पाया असलेली आणि सोबत सल्ला व तपासण्या देणारी. टाटा वनएमजी घ्या, किंवा हॉस्पिटलच्या साखळीतून आलेलं अपोलो ट्वेंटीफोर सेव्हन. तिसरी, आहार आणि व्यायामाच्या ॲपपासून सुरुवात करून औषधाच्या कार्यक्रमाकडे आलेली, जसं हेल्थीफाय. चौथी सरकारी, ई-संजीवनी. ती २०१९ मध्ये आरोग्य केंद्रातला डॉक्टर ते तज्ज्ञ डॉक्टर अशी सुरू झाली, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये तिची थेट रुग्णांसाठी ओपीडी आली. तिथे सल्ला मोफत आहे, पण ती कोणाच्या घरी इंजेक्शन पाठवत नाही.

या चौघांना एका ओळीत बसवून ‘किंमत’ हा रकाना भरला तर काय होईल? एकाची किंमत फक्त सल्ल्याची, दुसऱ्याची फक्त औषधाची, तिसऱ्याची तीन महिन्यांच्या पॅकेजची. तक्ता भरलेला दिसेल, पण तुलना झालेली नसेल. म्हणून सेवा हे एकक सोडा आणि रुग्णाचा प्रवास हे एकक धरा. एका माणसाला पहिल्या क्लिकपासून वर्षभर उपचार मिळेपर्यंत काय काय करावं लागतं? मग सल्ला एकीकडे आणि औषध दुसरीकडे घेणाऱ्याचा प्रवासही मोजता येतो.

आणखी एक प्रवास विसरू नका: स्थानिक. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, खासगी फिजिशियन आहेत, केमिस्ट आहेत. ‘ऑनलाइन सेवा चांगली’ हे वाक्य अर्धवट आहे. कशापेक्षा चांगली, ते सांगायला हवं.

पेण आणि रोहाच का?

कारण ही दोन गावं आपल्याला एक सोपी जोडी देतात. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच रेल्वेमार्गावर. पेणनंतर कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे, गणपतीच्या कारखान्यांचं गाव, पनवेलला जवळ. रोहा कुंडलिकेच्या काठी, शेजारी धाटावची रासायनिक एमआयडीसी, आणि मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते ते स्टेशन.

एकाच दिवशी, एकाच सेवेवर, तेच औषध टाकायचं आणि फक्त पिनकोड बदलायचा: पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९, आणि ताडून बघायला दादर ४०००२८. सेवा तीच, औषध तेच, दिवस तोच. बदलतं ते ठिकाण. त्यामुळे उत्तरात फरक आला तर तो ठिकाणामुळे आला असं म्हणायला थोडा आधार मिळतो. याला जोडीची तुलना म्हणतात, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ती परवडते.

पण या जोडीतून ‘ग्रामीण भारत’ असा निष्कर्ष काढू नका. दोन तालुक्याची गावं म्हणजे सुधागडमधली आदिवासी वाडी नव्हे. शीर्षकात जेवढं मोजलं तेवढंच लिहा.

नकार मोजायचा कसा?

आता मुख्य मुद्दा. ही औषधं कोणासाठी आहेत? भारतात मंजुरी मिळताना वजनासाठीची अट अशी आहे: बीएमआय ३० किंवा जास्त, अथवा २७ किंवा जास्त आणि सोबत वजनाशी निगडित एखादा आजार. पण भारतीयांसाठी लठ्ठपणाची जी मर्यादा २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या निवेदनात आहे, ती २५ आहे, आणि २३ च्या पुढे जास्त वजन धरतात. त्यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय सारखा असला म्हणजे धोका सारखा असतो असं नाही, हे दोन आकड्यांत कळतं.

म्हणजे एखाद्या साइटवर ‘तुम्ही पात्र आहात का?’ असा फॉर्म असेल, तर तो कोणती मर्यादा वापरतो? लठ्ठपणाच्या व्याख्येची की औषधाच्या मंजुरीची? २५ ते २७ मधला माणूस एका व्याख्येने लठ्ठ आहे, पण दुसरीने औषधाला पात्र नाही. हा एकच रकाना नीट भरला तरी तुमच्या अभ्यासाला वजन येईल.

फॉर्म तपासण्यासाठी काल्पनिक रुग्ण लिहून काढा. नमुन्यादाखल तीन:

१. पेणमधल्या कारखान्यात गणपती रंगवणारी ४२ वर्षांची बाई. उंची १५५ सेंमी, वजन ६७ किलो, बीएमआय २७.९. मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. नवरात्रात नऊ दिवस उपवास करते.

२. धाटावला शिफ्टमध्ये काम करणारा ३५ वर्षांचा माणूस. १७० सेंमी, ७० किलो, बीएमआय २४.२. काही आजार नाही. बहिणीच्या लग्नाआधी बारीक व्हायचंय.

३. रोह्यातले ५० वर्षांचे गृहस्थ. १६५ सेंमी, ८५ किलो, बीएमआय ३१.२. चार वर्षांपूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन ॲडमिट होते.

नुसत्या बीएमआयवर चालणारा फॉर्म तिसऱ्याला सगळ्यात आधी आत घेईल, आणि तिथेच सर्वात जास्त सावध राहायला हवं. दुसऱ्याला सरळ नकार मिळायला हवा. पहिली पात्र आहे, पण ग्लिमेपिराइडसोबत हे औषध दिलं की साखर एकदम खाली जाण्याची शक्यता वाढते, त्यात उपवास. म्हणजे तिला चिठ्ठी मिळाली की नाही एवढं नोंदवून भागत नाही. चालू गोळ्या विचारल्या का, गोळीचा डोस कमी करण्याबद्दल कोणी बोललं का, हे बघावं लागतं. याशिवाय गर्भधारणा, घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर, आणि टिर्झेपाटाइडसोबत गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे प्रश्न फॉर्ममध्ये आहेत की नाहीत तेही टिपा.

या तिघांपैकी कोणाच्या जिवावर काय बेतू शकतं, याचा विचार केला की ‘चांगली सेवा म्हणजे काय’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप सापडायला लागतं.

डॉक्टर खरंच आहे का?

इथे तुमच्या हाताशी एक तयार मोजपट्टी आहे. २५ मार्च २०२० ला आलेल्या टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स. त्या वाचल्याशिवाय या विषयाला हात लावू नका. कामाच्या गोष्टी थोडक्यात:

पहिल्याच सल्ल्यात काही ठरावीक यादीतली औषधं लिहायची तर तो सल्ला व्हिडिओवर व्हायला हवा. काही औषधं फक्त पाठपुराव्याच्या सल्ल्यातच वाढवता येतात. पाठपुरावा म्हणजे त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांशी समोरासमोर भेट होऊन सहा महिन्यांच्या आतला सल्ला. निदान, निदान तात्पुरतं का होईना, केल्याशिवाय औषध लिहिणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक रुग्णाला कळला पाहिजे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मला रुग्णाला सल्ला द्यायची किंवा औषध लिहायची परवानगी नाही.

यातली प्रत्येक ओळ म्हणजे तुमचा एक रकाना. व्हिडिओ की नुसतं चॅट? नोंदणी क्रमांक भेटीच्या आधी दिसतो की चिठ्ठीवर? ‘डॉक्टर बघतील’ म्हणून फॉर्म पुढे जातो, की फॉर्म भरताच पैसे भरायचं पान येतं?

जाहिरातींसाठी वेगळा कायदा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याच्या यादीत ज्या आजारांवरच्या उपचारांची जाहिरात करायला बंदी आहे, त्यात लठ्ठपणाचाही समावेश आहे. त्यामुळे पानावर औषधाचं नाव आहे की फक्त ‘प्रोग्रॅम’, किती किलो कमी होतील याचं आश्वासन आहे का, हेही मोजण्यासारखं आहे.

महिन्याची किंमत फसवते

साध्या गणिताने बघू. बाजारात आलं तेव्हा मौंजारोच्या २.५ मि.ग्रॅ. च्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, ५ मि.ग्रॅ. ची ४,३७५ रुपये. कुपी आठवड्याला एक. पानावर ‘चार आठवडे १४,००० रुपये’ असं दिसलं तर आपण ५२ आठवड्यांचे १,८२,००० धरतो. पण २.५ हा फक्त सुरुवातीचा डोस आहे. चार आठवड्यांनी ५ वर जायचं असतं. म्हणजे ४ कुप्या गुणिले ३,५०० आणि ४८ कुप्या गुणिले ४,३७५. बेरीज २,२४,०००. फरक ४२,००० रुपयांचा, आणि हे ५ वरच थांबलं तर. डोस पुढे टप्प्याटप्प्याने १५ पर्यंत जाऊ शकतो. त्यात सल्ल्याची फी, रक्ततपासण्या आणि डिलिव्हरी अजून धरलेलीच नाही.

म्हणून ‘मासिक किंमत’ हा रकाना काढून ‘ठरलेल्या डोसक्रमाने वर्षाचा खर्च’ हा घाला, आणि किंमत कोणत्या तारखेला पाहिली ते लिहा. या बाजारात किमती स्थिर नाहीत. वेगोव्हीचीच किंमत काही महिन्यांत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, कमी झाली. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. एकाच औषधाचे अनेक ब्रँड झाले की ‘कोणत्या कंपनीचं’ हा वेगळा रकाना लागतो.

वर्षच का? कारण थांबल्यावर काय होतं हेही तुलनेत यायला हवं. स्टेप-१ या चाचणीत १,९६१ लोक होते. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडच्या गटाचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, दुसऱ्या गटाचं २.४ टक्के. साइट्सवर दिसतो तो हा पहिला आकडा. पण त्यातल्याच काही लोकांना औषध बंद केल्यावर वर्षभर पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. तीन महिन्यांचं पॅकेज विकणारी सेवा चौथ्या महिन्याबद्दल काय सांगते? काहीच सांगत नसेल तर ती रोह्यातल्या पगारदार माणसाला अर्धीच गोष्ट सांगते आहे.

औषध घरी पोचतं तेव्हा

ही इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात आणि गोठू द्यायची नसतात. मौंजारोच्या माहितीपत्रकानुसार फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या आत, २१ दिवसांपर्यंत चालतं. आता एप्रिल-मेमधला रोहा डोळ्यांसमोर आणा. किंवा ३ जून २०२० आठवा: निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं आणि जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. इतकं मोठं वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यात लाइट जाणं कोकणात कोणाला नवीन नाही. महिन्याच्या चार कुप्या फ्रिजमध्ये आणि लाइट गेलेली, अशा वेळी फोन कोणाला करायचा?

म्हणून पिनकोड टाकून ‘डिलिव्हरी उपलब्ध’ एवढंच टिपू नका. थंड पेटीत येतं का, तापमानाची खूण असते का, पार्सल अडकलं तर परत घेतात का, आणि रात्री उलट्या थांबल्या नाहीत तर कोणाशी बोलायचं, हेही टिपा. चॅटबॉटचं नाव हे या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही.

चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या बेकायदा साइट्स तुमच्या तुलनेत घेऊ नका. तो वेगळा अभ्यास आहे. हंगेरीतल्या पेच विद्यापीठाच्या संशोधकांनी तो केला आणि २०२४ मध्ये छापला. सेमाग्लुटाइडच्या सहा ऑर्डर दिल्या, तीनच पोचल्या, बाकीच्या तिघांनी पैसे उकळायचा प्रयत्न केला. आलेल्या तिन्ही कुप्यांत औषध लिहिल्यापेक्षा २९ ते ३९ टक्के जास्त निघालं, आणि शुद्धता मात्र दाव्याच्या जवळपासही नव्हती. नमुना सहाचा, पण प्रश्न नेमका होता, म्हणून अभ्यास छापला गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

रकाना कसा भरायचा

प्रत्येक रकान्याला फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ ठेवू नका. ‘आढळलं’, ‘आढळलं नाही’, ‘लागू नाही’ असे तीन पर्याय ठेवा. साइटवर थंड पेटीचा उल्लेख नाही याचा अर्थ थंड पेटी नाही असा होत नाही. तुम्ही साइट वाचली आहे, सेवा वापरलेली नाही. हा फरक निष्कर्षात शेवटपर्यंत सांभाळा.

दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि मग ताडा. नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. समजा दोघांनीही ९० टक्के वेळा ‘आढळलं’ लिहिलं आणि दोघांचं ९० टक्के नोंदींवर एकमत झालं. छान वाटतं. पण डोळे मिटून भरलं असतं तरी ८२ टक्के एकमत झालं असतं (०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१). कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कप्पा काढा: ०.९० वजा ०.८२, भागिले ०.१८. उत्तर ०.४४, म्हणजे जेमतेम. अशा वेळी रकान्याची व्याख्या पुन्हा लिहायची, आकडा लपवायचा नाही.

पान पाहिलं त्या दिवशीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. आणि ‘टॉप टेन’ छापाच्या तयार याद्या पुरावा म्हणून वापरू नका. तुमच्या क्लिकवर यादी करणाऱ्याला कमिशन मिळत असू शकतं.

खोटा रुग्ण बनून बघू का?

हा मोह सगळ्यांना होतो. पद्धत खरी आहे. प्रशिक्षण दिलेले ‘प्रमाणित रुग्ण’ पाठवून डॉक्टर काय करतात ते मोजायचं. जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी ती दिल्ली आणि मध्य प्रदेशात वापरली. २०१८ मध्ये मुंबई आणि पाटण्यातल्या क्षयरोगाच्या उपचारांवरही असाच अभ्यास छापला गेला. पण त्यामागे मोठी टीम, नैतिकता समितीची मंजुरी आणि काटेकोर प्रशिक्षण होतं. माहिती लपवून केलेल्या संशोधनाला आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वेगळ्या अटी आहेत. मंजुरीशिवाय खोटं वजन टाकून चिठ्ठी मिळवणं याला संशोधन म्हणत नाहीत. शिवाय तुम्ही एखाद्या खऱ्या डॉक्टरचा वेळ आणि नोंदणी पणाला लावता.

मग काय करता येईल? साइटवर सर्वांना दिसतं तेवढं कोडशीटने तपासा. तेच तीन काल्पनिक रुग्ण, ते काल्पनिक आहेत हे सांगून, पेण-रोह्यातल्या डॉक्टरांपुढे आणि तयार असतील तर ऑनलाइन सेवांच्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "तुम्ही काय कराल?" सांगणं आणि करणं यात अंतर असतं हे मान्य करून तसं लिहा. औषध घेणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या तर लेखी संमती घ्या आणि गावाचं नाव जपून वापरा. लहान गावात ‘रोह्यातल्या शिक्षिका, वय ४१’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

आता तुमची पाळी

या आठवड्यात एकच सेवा घ्या. काहीही विकत न घेता आणि कुठेही खोटी माहिती न भरता, फक्त उघड दिसणारी पानं वाचून एका प्रश्नाचं उत्तर शोधा: ही सेवा कोणाला औषध देणार नाही, हे तिने कुठे लिहिलं आहे? सापडलं तर ती ओळ तारखेसह उतरवून घ्या. सापडलं नाही तर किती पानं बघितली ते लिहा. मग तेच दुसऱ्या सेवेवर करा. दोन उत्तरं शेजारी ठेवली की तुमच्याकडे तक्त्याचा पहिला खरा रकाना असेल. सिनॉप्सिसची सुरुवात तिथून करा, आणि किंमत, डिलिव्हरी, रेटिंग त्याच्या उजवीकडे येऊ द्या.